वाल्मीकची दुसरी ओळ

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. मी सुनंदा भंगाळे, जळगावच्या कॉलेजात मुख्य लिपिक. एकोणतीस वर्षं नोकरी झाली, आणि त्यातली अठ्ठावीस मी कुणावर तरी ओरडण्यात घालवली असं आमचा कुंदन म्हणतो. कुंदन म्हणजे आमच्या संगणक कक्षाचा सहायक. तोंडावर म्हणायची त्याची छाती नाही, मागे म्हणतो. म्हणू दे. ओरडल्याशिवाय या ऑफिसात पंखासुद्धा फिरत नाही.

पण आज सांगायचंय ते वाल्मीकबद्दल. ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त ओरडले आणि ज्याने एकदाही उलटून आवाज चढवला नाही, असा तो एकच माणूस.

वाल्मीक दगडू शिरसाठ, मूळचा सोनगीरचा, नोकरी धुळ्याला. आमच्या संस्थेची दोन कॉलेजं, एक धुळ्यात आणि एक इथे जळगावात. चोवीस वर्षांपूर्वी वाल्मीक धुळ्याच्या कॉलेजात शिपाई म्हणून लागला. काम काय, तर या टेबलावरची फाईल त्या टेबलावर नेणं, साहेबांचा चहा, आणि संगणक कक्षाच्या दारात उभं राहून पोरांना चपला काढायला लावणं. चपला काढायला लावता लावता गडी आत डोकावायला लागला. मग आत जाऊन बसायला लागला. मग मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली. सहा वर्षांपूर्वी तिथला संगणकाचा माणूस चांगली नोकरी मिळाली म्हणून पुण्याला निघून गेला, आणि जाताना सगळ्या किल्ल्या वाल्मीकच्या हातात देऊन गेला. तेव्हापासून दोन्ही कॉलेजांचे सर्व्हर हाच माणूस सांभाळतो. कागदावर मात्र शिपाईच!

त्याची आई भिकुबाई सोनगीरला राहते. तिला कुणी विचारलं, पोरगा काय करतो, तर सांगते, "कॉलेजमा पानी भरस." वाल्मीक हे हसून सांगतो. मला ते ऐकून संताप यायचा. त्याच्या आईचा नाही, आमच्या संस्थेचा.

तर आता ती नाववही म्हणजे काय, ते सांगते, कारण सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं. आमच्याकडे प्रत्येक विद्यार्थ्याला आणि मास्तराला एक लॉगिन असतं. ते टाकलं की वर्गातला संगणक उघडतो, ग्रंथालय उघडतं, परीक्षा देता येते. ही सगळी नावं, चार हजारांच्या वर, एका सर्व्हरवर असतात. त्याचं खरं नाव डिरेक्टरी सर्व्हर. आम्ही नाववही म्हणतो. मूळ वही धुळ्याला आणि तिची नक्कल जळगावला. धुळ्यात नवीन नाव चढवलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत ते जळगावच्या नकलेत उमटतं. मधे कुणी काही करावं लागत नाही. म्हणजे एरवी लागत नाही.

यंदा संस्थेने एक पद काढलं, प्रणाली प्रशासक. पक्की नोकरी, पक्की खुर्ची. मुलाखत दिवाळीच्या तोंडावर, गुरुवारी, धुळ्याला. आम्हा सगळ्यांना वाटलं, यात बघायचं काय, हे पद वाल्मीकचंच. तर नेमक्या त्याच आठवड्यात जळगावची नाववही बसली.

रविवारी गावात लाईट गेली होती. चांगली पाच तास. सोमवारी सकाळी कॉलेज उघडलं तर फार्मसीच्या नवीन प्रवेशाची पोरं माझ्या टेबलापुढे रांग लावून उभी. "मॅडम, लॉगिन होत नाही." जुन्या पोरांचं सगळं नीट चालू. नवीन अठ्ठावन्न पोरं तेवढी बाहेर. त्यांची नावं त्या दिवशीच धुळ्यात चढवली होती, जळगावला पोचलीच नव्हती. आणि शुक्रवारी त्यांची पहिली चाचणी संगणकावर!

मी फोन उचलला.

"वाल्मीक, नावं कुठे आहेत?"

"अक्का, धुळ्यात तर आहेत. तिकडे जात नाहीत. बघतो मी."

"बघतो काय? अठ्ठावन्न पोरं माझ्या डोक्यावर बसलीत!"

"बरोबर आहे अक्का. तुम्ही पाणी प्या. मी बघतो."

पाणी प्या म्हणे! मी आणखीच भडकले.

सोमवार गेला, मंगळवार अर्धा गेला. वाल्मीक धुळ्यातून कुंदनला फोनवर एकेक गोष्ट तपासायला लावत होता. तार नीट आहे का? नीट. दोन्ही मशीनचं घड्याळ जुळतंय का? जुळतंय. धुळ्याचा सर्व्हर काय म्हणतोय, तर म्हणे, जळगावची ओळख पटत नाही. आता ही ओळख काय भानगड आहे? तर जळगावची नक्कल दर वेळी नवीन नावं मागायला धुळ्याच्या दारात जाते तेव्हा तिला आपलं ओळखपत्र दाखवावं लागतं. ते ओळखपत्र म्हणजे एक छोटी फाईल, जळगावच्या मशीनवर ठेवलेली. ती फाईल आहे का? कुंदनने बघितलं, आहे. उघडून वाचता येते का? येते. आतला मजकूर बरोबर? अक्षरन् अक्षर बरोबर.

"मग चालत का नाही?" मी ओरडले.

"तेच तर कळत नाही ना अक्का," कुंदन म्हणाला. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

मंगळवारी दुपारी आमच्या संस्थेचे सचिव, नवलआबा, यांचा निरोप आला. आबा माणूस वाईट नाहीत, पण त्यांना लोक कानात काय सांगतात त्यावर त्यांचा दिवस ठरतो. निरोप असा, की गुरुवारी मुलाखतीआधी जळगावची नावं आली पाहिजेत, आणि बिघाड का झाला त्याचं कारण लेखी पाहिजे. नाहीतर हे पदच रद्द करून सगळं काम बाहेरच्या कंपनीला देऊ. मुलाखतीला पुण्याचे एक तज्ज्ञ येणार होते. त्यांनी फोनवरच मत दिलं होतं, की जळगावची नक्कल पुसून पहिल्यापासून उभी करा, दोन दिवस लागतील.

म्हणजे वाल्मीकची चोवीस वर्षं एका दिवसावर आली. मी तेव्हा त्याच्यावर ओरडणं बंद केलं. थोडा वेळ.

बुधवारी सकाळी तो पहिल्या एसटीने आला. पारोळा, एरंडोल करत साडेनऊला आमच्या दारात. खांद्याला पिशवी, पिशवीत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा डबा आणि एक जाडजूड वही. ऑक्टोबरचं ऊन काय असतं ते जळगावच्या माणसाला सांगायला नको. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. मी म्हटलं, "ये रे बाबा, आधी बस." तर म्हणतो, "बसतो अक्का, पण मशीनपुढेच बसतो."

मग त्याचं काम मी पहिल्यांदा नीट बघितलं. एरवी त्या खोलीत कोण जातं? एसीचा गारठा आणि घर्रघर्र आवाज. पण त्या दिवशी मी खुर्ची ओढून मागेच बसले. मला बघायचंच होतं काय होतंय ते.

त्याने ती ओळखपत्राची फाईल उघडलीच नाही. कुंदन म्हणाला, "भाऊ, उघडून बघा ना, मजकूर बरोबर आहे." वाल्मीक म्हणाला, "मजकूर तू बघितलास. मी दुसरं बघतो. कुंदन, मी किती वर्षं फाईली वाहिल्या या संस्थेत? एक गोष्ट कळली मला. फाईल अडली की सगळे जण ती उघडून आत काय लिहिलंय ते वाचत बसतात. आत काही नसतं. ती कोणाच्या नावावर पडलीय आणि कोणाच्या टेबलावर जायला पाहिजे, ते आधी बघावं."

"पण वाचता येतेय ना ती!"

"कोणाला वाचता येतेय?"

"मला."

"तू कोण म्हणून वाचलीस?"

कुंदनने डोकं खाजवलं. मग हळूच म्हणाला, "रूट म्हणून."

आता हा रूट कोण, हे मलाही विचारावं लागलं. वाल्मीकने मला सांगितलं ते असं. मशीनवर एक रूट नावाचं खातं असतं. ते घरमालक. त्याला कुठलंच दार बंद नाही, कुठलंच कपाट बंद नाही. आणि नाववहीचं काम करणारं खातं वेगळं असतं, मुद्दाम लहान ठेवलेलं. त्याला फक्त त्याच्या नावावरच्या फाईली वाचता येतात. कुणी बदमाश त्यातून आत शिरलाच, तर त्याला सगळं घर मिळू नये म्हणून.

"घरमालक म्हणून बघितलं तर सगळं उघडंच दिसणार ना, अक्का," तो म्हणाला. "आपण आता नाववहीचं खातं होऊन वाचून बघू."

त्याने काहीतरी टाइप केलं. पडद्यावर एकच ओळ आली: परवानगी नाही.

"हात्तेरी!" कुंदन ओरडला.

मी म्हटलं, "म्हणजे दोन दिवस त्या बिचाऱ्या खात्याला त्याचं स्वतःचंच ओळखपत्र खिशातून काढता येत नव्हतं?"

"अगदी तसंच."

कुंदनला चेव आला. "मग भाऊ, सोपं आहे! फाईल सगळ्यांना उघडी करून टाकतो. कुणीही वाचा, कुणीही लिहा. एका मिनिटात काम."

आणि तेव्हा मी वाल्मीकला पहिल्यांदा चिडलेला बघितला. आवाज नाही चढवला, पण कुंदनचा हात कीबोर्डवरून उचलून बाजूला ठेवला. "अजिबात नाही. ही फाईल ज्याच्या हाती लागेल तो जळगाव म्हणून धुळ्याच्या दारात जाईल आणि चार हजार पोरांची नावं, फोन, पत्ते घेऊन येईल. घाई झाली म्हणून घराला कडीच काढून टाकायची का? पोरींचे पत्ते आहेत त्यात, कुंदन."

कुंदनचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. चिडणारी मी एकटीच नाही हे बघून जरा जिवाला थंडावा आला.

"फाईल घरमालकाच्या नावावर गेली कशी, हे बघायला पाहिजे," वाल्मीक म्हणाला. "रविवारी लाईट गेली, मशीन बंद पडून परत सुरू झालं, तेव्हा नाववहीने नवीन ओळखपत्र वाचायला घेतलं आणि अडकली. त्याआधी जुनं डोक्यात होतं, म्हणून चालत होतं. म्हणजे चूक रविवारची नाही. आधीची आहे." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "फाईलवर तारीख आहे. एक ऑक्टोबर, अकरा वाजून बावीस मिनिटं."

मग तो माझ्याकडे वळला. "अक्का, खंडेनवमीला सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला इथे काय चाललं होतं?"

कुंदन छताकडे बघायला लागला.

मला एकदम आठवलं, आणि माझे कान गरम झाले.

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. वर्कशॉपातल्या लेथपासून माझ्या टाचणी मारायच्या मशीनपर्यंत सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूचं फूल. सर्व्हरलाही. वाल्मीक स्वतः बौद्ध, तो पूजेला बसत नाही, पण त्याने एक बघून ठेवलं होतं, की वर्षातून तो एकच दिवस सगळं ऑफिस त्या खोलीत हजर असतं. ओळखपत्र दर वर्षी बदलावं लागतं. तेव्हा त्याने ठरवून टाकलं, की त्या दिवशीच बदलायचं, साक्षीदार बरे मिळतात. दर वर्षी तो एका कागदावर दोन ओळी लिहून पाठवतो. पहिली ओळ नवीन ओळखपत्राची फाईल जागेवर ठेवते. दुसरी ओळ ती फाईल नाववहीच्या खात्याच्या नावावर करते. कुंदन ओळ टाइप करतो आणि एंटर दाबायचा मान वडीलधाऱ्या माणसाचा. आजवर तो मान आमच्या जुन्या प्राचार्यांचा होता. ते निवृत्त झाले. यंदा मान माझा.

मी नवीन पैठणी नेसून आले होते. कुंदनने पहिली ओळ टाइप केली, मी एंटर दाबलं, टाळ्या वाजल्या, नारळ फुटला, मी कीबोर्डला हळद-कुंकू वाहिलं आणि फुलं ठेवली. मग हा कुंदन परत कीबोर्डला हात लावायला पुढे आला. मी त्याच्या हातावर चापट मारली! "काय रे, अक्कल आहे की नाही? पूजेला बसलेल्या अवजाराला आज हात लावायचा नाही!" आमच्या घरी नांगराची पूजा झाली की त्या दिवशी नांगर कुणी हलवत नसे. आजोबांनी एकदा त्यावरून काकांना जेवू दिलं नव्हतं. कुंदन म्हणाला, "अक्का, पण अजून एक ओळ..." मी म्हटलं, "ओळ उद्या!" उद्या दसरा, सुट्टी. परवा कोणाला आठवतंय?

पुरावा माझ्याच फोनमध्ये होता. एंटरवर माझं बोट, मागे सगळे हसतायत, वेळ अकरा बावीस. मी तो फोटो दोनशे लोकांना पाठवला होता, वर नमस्काराची चिन्हं लावून.

वाल्मीकने फोटो बघितला. माझ्याकडे बघितलं. आणि हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "अक्का, पैठणी चांगली दिसतेय," म्हणाला.

मला माफी मागता आली नाही. जीभच वळेना. एकोणतीस वर्षांची सवय. मी शिपायाला हाक मारली आणि चहा मागवला, जरा जास्तच जोरात.

वाल्मीकने दुसरी ओळ टाइप केली आणि उठून खुर्ची मला दिली. "दाबा अक्का. तुमचंच राहिलंय हे एंटर." मी दाबलं. मग त्याने नाववहीच्या खात्याने फाईल परत वाचून बघितली. आली वाचता. बाकी कुणाला वाचता येत नाही ना, तेही बघितलं. ती फाईल ज्या फोल्डरात होती त्याची परवानगी बघितली, त्याच्या वरच्या फोल्डराचीही बघितली. म्हणाला, कपाट उघडलं आणि खोलीच बंद असली तर काय उपयोग. सगळं बघून झाल्यावर नाववहीची सेवा बंद करून परत सुरू केली.

आणि नावं यायला लागली. एकामागून एक, सरसर, अठ्ठावन्न! कुंदन मोठमोठ्याने मोजत होता. बाहेर पोरांनी लॉगिन टाकून बघितलं आणि वरांड्यात एकच कल्ला झाला. एरवी मी बाहेर जाऊन झापलं असतं. त्या दिवशी जाऊ दिलं.

वाल्मीकने डबा खाल्ला, कारणाचा अहवाल टाइप केला, आमच्याच प्रिंटरवर छापला आणि तीनच्या गाडीने परत गेला.

तो गेल्यावर कुंदन माझ्या टेबलापाशी आला. नुसता उभा राहिला.

"काय आहे?"

"अक्का, भाऊंनी अहवालात काय लिहिलंय बघितलं का?"

"काय?"

"सूचनेचा कागद अपुरा होता. दुसरी ओळ का महत्त्वाची आहे ते त्यावर नमूद केलं नव्हतं. जबाबदार, वा. द. शिरसाठ." कुंदन जवळ सरकला. "उद्या त्या पुण्याच्या साहेबांपुढे हाच कागद जाणार. बिघाड यानेच केला म्हणणार. तुमचं नाव नाही त्यात. माझंही नाही."

मी त्याला म्हटलं, जा आपल्या कामाला. पण माझं कामात लक्ष लागेना. घरी गेले तरी तेच. यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, आणि भाजीत दोनदा मीठ टाकलं.

गुरुवारी सकाळी मी सेवापुस्तकं तपासायला जाते असं सांगून धुळ्याची एसटी पकडली. सेवापुस्तकं कसली, पिशवीत नुसती पाण्याची बाटली होती.

मुलाखतीच्या खोलीचं दार पूर्ण लागत नव्हतं, कारण कूलरची वायर त्यातून आत गेली होती. मी बाहेर बाकावर बसले. आत नवलआबा, धुळ्याचे प्राचार्य आणि पुण्याचे साहेब. वाल्मीक उभाच होता. त्याला तीनदा बस म्हटलं तेव्हा बसला.

पुण्याचे साहेब सभ्य वाटले. त्यांनी अहवाल वाचला आणि विचारलं, "दोष तुम्ही दोन तासांत काढलात. मी नक्कल पुसायला सांगितली होती. चांगलं आहे. पण चूक तुमचीच, असं तुम्ही लिहिलंय?"

"हो साहेब."

"दर वर्षी हाच कागद जातो. मग याच वर्षी ओळ का राहिली?"

वाल्मीकने शर्टाची कॉलर सारखी केली.

नवलआबा म्हणाले, "बोल ना. निष्काळजीपणा झाला का?"

वाल्मीक म्हणाला, "हो आबा. झाला."

मग मात्र माझ्या अंगाचा भडका उडाला. मी दार ढकललं. कूलर सरकला आणि पाणी आबांच्या चपलांवर सांडलं.

"खोटं बोलतोय तो!" मी म्हटलं. "ओळ मी थांबवली. खंडेनवमीला. या कुंदनने, म्हणजे तो इथे नाही, पण त्याने सांगितलं आणि मी त्याच्या हातावर मारलं. हा माझा फोटो बघा. ही पैठणी, हे माझं बोट. आणि वर दोन दिवस मी यालाच शिव्या घातल्या. याला नोकरी द्यायची नसेल तर नका देऊ, पण माझ्या चुकीसाठी नका नाकारू!"

वाल्मीक खाली मान घालून बसला होता. प्राचार्य हसू दाबत होते. आबांनी आधी आपल्या ओल्या चपलांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

पुण्याचे साहेब मात्र फोटोकडे बघत होते. "पण बाई, हे सर्व्हरच्या नोंदीत कुठेच दिसत नाही. तिथे सगळं फक्त रूट या नावाने आहे." ते वाल्मीककडे वळले. "तुम्हीही सगळं रूट म्हणूनच करता? तुमचं स्वतःचं खातं कोणतं? नाववहीत तुमचं नाव काय म्हणून आहे?"

"नाही साहेब," वाल्मीक म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"चतुर्थ श्रेणीला लॉगिन नसतं. संस्थेचा नियम आहे. म्हणून माझं नाव वहीत नाही."

मला हे माहीत नव्हतं. एकोणतीस वर्षं नोकरी केली आणि मला माहीत नव्हतं! पोरांपासून प्राचार्यांपर्यंत प्रत्येकाचं नाव ज्याने आपल्या हाताने चढवलं, त्याने स्वतःचं चढवलं नाही. हात तर त्याचाच होता कीबोर्डवर. सहा वर्षांत कधीही दाबता आलं असतं.

साहेबांनी चष्मा काढला. "चढवून का नाही घेतलंत?"

"नियम आहे ना साहेब," वाल्मीक म्हणाला, जणू यात विचारायचं काय. "मीच मोडला तर बाकीच्यांना कोणत्या तोंडाने अडवू?"

साहेबांनी अहवालाचा कागद घडी करून आबांपुढे सरकवला. म्हणाले, "सचिव महाशय, मला अजून दोन उमेदवारांना भेटायचंय आणि भेटतोही. पण सर्व्हरच्या किल्ल्या याहून चांगल्या हातात देता येतील असं मला वाटत नाही. बिघाड काढणारे मी पुष्कळ बघितलेत." आबा नुसते खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांच्या कानात त्या दिवशी सांगायला दुसरं कुणी नव्हतं, हे आमचं नशीब.

मी दारातून निघताना वाल्मीकला म्हटलं, "चुकलं माझं." एवढंच. तेही पुटपुटले. पण त्याला ऐकू गेलं.

आमच्या संस्थेत कुठलाही आदेश निघायला महिना लागतो. हा दुसऱ्या दिवशी निघाला. शुक्रवारी, वसुबारसेला, पोरांची चाचणी चालू होती. सगळी अठ्ठावन्न पोरं आत, टकटक चालू. दुपारी बाराला माझा फोन वाजला.

"अक्का, मशीन समोर आहे का? नाववही उघडा. धुळ्याच्या ऑफिसातल्या बाईंनी आता एक नाव चढवलंय. तिकडे आलं का बघा बरं."

मी यादी उघडली. चष्मा पुसला आणि परत बघितली. होतं.

"आलंय," मी म्हटलं. पुढे बोलवेना. माझ्यासारख्या बाईला बोलवेना, म्हणजे बघा.

"मोठ्याने वाचा ना अक्का. आईला आणलंय आज ऑफिस दाखवायला. फोन स्पीकरवर आहे."

मी खुर्चीतून उठले. का उठले माहीत नाही. उभी राहून, परीक्षा चालू असताना, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात मी वाचलं, "वाल्मीक दगडू शिरसाठ. प्रणाली प्रशासक. धुळे." कुंदन त्याच्या जागी उभा राहिला. मला रडू आलं, आणि मी ते पुसलंही नाही.

पलीकडून भिकुबाईचा आवाज आला, "कोन वाची ऱ्हायनं रे?"

"जयगावनी अक्का शे, माय."

पोरगा तिच्याजवळ आणि नाव माझ्याजवळ, हे म्हातारीला उमगेना. मग म्हणाली, "तू ते आठेच शे. मंग तुनं नाव जयगावले कसं पोचनं?"

वाल्मीक हसला नाही. त्याने तिला समजावूनही सांगितलं नाही.

"पोचनं, माय," तो म्हणाला.